रखमा हे नाव कोणाला परवडतं?

प्रश्न : आमची मुलगी दोन महिन्यांची झाली, तरी घरात सगळे तिला अजून 'बाळ'च म्हणतात. मला तिचं नाव रखमा ठेवायचंय. हे माझ्या नवऱ्याच्या आजीचं नाव. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यांच्याबद्दल खूप ऐकलंय. ऐन तरुणपणी नवरा गेल्यावर लोकांची धुणीभांडी करून त्यांनी दोन मुलांना शिकवलं. धाकटे म्हणजे माझे सासरे. ते बँकेत अधिकारी होऊन निवृत्त झाले. नाव सुचवलं तेव्हा नवरा खूश झाला. नणंद मात्र लगेच म्हणाली, "शी, कामवालीचं नाव वाटतं. शाळेत चिडवतील आणि उद्या नोकरीचा अर्ज कोण उघडून बघेल?" तिनं मायरा सुचवलं. खरं सांगू का, मायरा ऐकून मलाच कसंसं झालं. अगदी नवश्रीमंत वाटतं ते. सासूबाई म्हणतात, तुमचं तुम्ही ठरवा. सासरे काहीच बोलत नाहीत, विषय निघाला की उठून जातात. गंमत म्हणजे आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचं नाव सुनीता, सासूबाईंचंही सुनीता, आणि त्या ताईंच्या मुलीचं नाव आराध्या. मग कामवालीचं नाव म्हणजे नक्की कुठलं? माझ्या माहेरी आजीसुद्धा प्राध्यापक होती. आमच्याकडे जुन्या नावांचं कौतुक आहे. भाचीचं नाव गोदा आहे, सगळे 'किती गोड' म्हणतात. मग रखमानंच काय घोडं मारलंय?
ता. क. कागदावर रुक्मिणी आणि घरात रखमा, असं करावं का?

उत्तर :

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. विषय निघाला की सासरे उठून जातात. त्यांच्याकडे येतेच, पण आधी नणंदेचं म्हणणं बघू. ती बोलली वाईट, पण तिची भीती अगदीच हवेतली नाही.

नावावरून माणसाचा वर्ग ताडण्याची खोड जगात सगळीकडे आहे. जर्मनीत 1991 साली मुलांची सर्वाधिक ठेवली गेलेली नावं काढली, तर पहिलं नाव केव्हिन होतं. हॉलिवूडचे नट, सिनेमातला एक खोडकर मुलगा, त्या वाऱ्यावर ते घराघरांत पोचलं. ती मुलं मोठी होईपर्यंत सुशिक्षित घरांनी त्या नावाकडे पाठ फिरवली होती. 2009 साली ओल्डेनबुर्ग विद्यापीठातल्या एका अभ्यासात प्राथमिक शिक्षकांना विचारलं गेलं, की अमुक नाव ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कसं मूल येतं? शार्लोट, सोफी, अलेक्झांडर, मॅक्सिमिलियन म्हटलं की हुशार, नीटनेटकी मुलं. केव्हिन, जस्टिन, शंटाल, मँडी म्हटलं की अभ्यासात मागे आणि वर्गात उपद्रवी. एका शिक्षकानं तर लिहून दिलं, केव्हिन हे नाव नाही, ते निदान आहे. मूल समोर आलेलं नाही, वही उघडलेली नाही आणि निदान तयार! हाच केव्हिन आयर्लंडमध्ये सहाव्या-सातव्या शतकातल्या एका संताचं नाव म्हणून कित्येक पिढ्या आदरानं ठेवला जातोय. तेव्हा नावाच्या अक्षरांत काही नसतं, हे उघड आहे. पण लोकांच्या डोक्यात असतं, आणि गुण लोकच देतात.

नोकरीच्या अर्जाचंही तसंच. मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे 5,000 बनावट अर्ज पाठवले होते. अर्ज तोलामोलाचे, नावं मात्र काही गोऱ्यांची वाटणारी, काही काळ्यांची. 2004 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना 50 टक्के जास्त बोलावणी आली होती. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी हाच प्रयोग खासगी कंपन्यांच्या जाहिरातींवर केला. 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त तो प्रसिद्ध झाला. सवर्ण हिंदू नावाच्या अर्जाच्या तुलनेत तेवढ्याच पात्रतेच्या दलित नावाच्या अर्जाला पुढच्या फेरीत जाण्याची संधी साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाच्या अर्जाला एक तृतीयांश. हे वाचून कुणालाही नणंदेच्या बाजूनं मत द्यावंसं वाटेल.

थांबा जरा. या प्रयोगांत नाव हे जातीची, धर्माची, वंशाची पाटी म्हणून वाचलं गेलं होतं. आपल्याकडे ती पाटी पहिल्या नावापेक्षा आडनावावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते. तुमच्या घराचं आडनाव काय ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि मीही विचारत नाही, पण रखमाच्या जागी मायरा आल्यानं ते आडनाव बदलणार नाही. ज्याला आडनाव बघून अर्ज बाजूला ठेवायचा आहे, तो मायराचाही ठेवेल. दुसरं असं, की दार उघडलं जाणं वेगळं आणि अख्खं आयुष्य वेगळं. रोलंड फ्रायर आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी कॅलिफोर्नियातल्या कित्येक वर्षांच्या जन्मनोंदी घेऊन, काळ्या समाजाची ओळख सांगणारी नावं असलेल्या मुलींचं पुढे काय झालं ते तपासलं. जन्माच्या वेळची घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर नावाचा असा वेगळा तोटा त्यांना आढळला नाही. परिस्थितीनं मारलं होतं, नावानं नाही. तुमची मुलगी निवृत्त बँक अधिकाऱ्याची नात आहे, प्राध्यापक पणजीची पणती आहे. तिच्या ताटात जे वाढून ठेवलंय, ते एका नावानं हिसकावलं जाणार नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, कामवालीचं नाव म्हणजे कुठलं? तो तुम्ही गमतीनं विचारलाय आणि त्याचं उत्तरही तुमच्याच घरात दोन सुनीतांच्या रूपानं वावरतंय. सुनीता, अनिता, संगीता, मनीषा ही नावं एका काळी नवीकोरी होती. सुशीला, शकुंतला, कुसुम या नावांना कंटाळलेल्या शहरी आयांनी ती उचलली. मग ती सगळीकडे गेली. त्यांच्यातल्या काही सुनीता आज निवृत्तिवेतन घेतात, काही दुसऱ्यांच्या घरची फरशी पुसतात. आराध्याचंही तेच. अमिताभ बच्चन यांच्या नातीचं हे नाव 2011-12 च्या सुमारास बातम्यांतून घराघरांत गेलं, आणि मग ते ठेवायला बंगला असावा लागत नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं. त्यात वाईट काय? नावाला पैसे पडत नाहीत. घर, शाळा, डॉक्टर यांत आईबापांना मनासारखं निवडता येत नाही, नावात येतं. सुनीताताईंनी मुलीसाठी त्यांना परवडणारी सगळ्यात चांगली गोष्ट निवडली. आणि नेमक्या त्याच क्षणी वरच्या मजल्यावर कुणीतरी म्हणालं असणार, "शी, आता आराध्या फारच कॉमन झालं."

गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञानं 1904 सालीच फॅशनबद्दल हे लिहून ठेवलंय. खालचे वर येतात तसे वरचे पुढे सरकतात, नाहीतर वरचेपणा दिसणार कसा? नावांचा बरीच वर्षं अभ्यास केलेले समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लिबरसन मात्र म्हणत, की सगळंच खापर या पाठशिवणीवर फोडू नका. नावांच्या चवी आपल्या आपणही बदलतात, कालच्यापेक्षा जरासं वेगळं हवं एवढ्यावरच. मला दोघांचंही पटतं. पण घरातल्या भांडणात मात्र नेहमी झिमेलच बसलेला दिसतो.

तर मग नणंदेला रखमा नावात मोलकरीण कुठून दिसली? आज घरकाम करणाऱ्या बायकांत रखमा शोधावी लागेल. ती दिसली रंगमंचावरून, विनोदी नाटकांतून, मालिकांतून. तिथली मोलकरीण गेली कित्येक दशकं सखूबाई, गंगूबाई, शांताबाई किंवा रखमाबाईच असते, नऊवारीचा काष्टा मारून येते आणि मालकिणीच्या इंग्रजीची फजिती करून जाते. लेखकांनी एका पिढीची नावं गोठवून ठेवली. त्याआधी या नावांना असा एकच वर्ग चिकटलेला नव्हता. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो होतं. 1958 साली वयाच्या शंभरीत त्यांना भारतरत्न मिळालं, तेव्हा धोंडू हे गड्याचं नाव आहे असं कुणी म्हणालं असेल असं वाटत नाही. गंगूबाई हनगल यांना 2002 साली पद्मविभूषण मिळालं.

आणि रखमाबाई तर खुद्द रखमाबाईच आहेत. 1864 सालचा जन्म, अकराव्या वर्षी लग्न. मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला, म्हणून नवरा दादाजी भिकाजी 1884 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला. आधी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं लागला, मग 1887 मध्ये उलटा. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी 1888 मध्ये तडजोड होऊन दावा मिटला. पुढे त्या लंडनला जाऊन वैद्यकी शिकल्या, 1894 साली डॉक्टर झाल्या आणि सुरतेच्या दवाखान्यात रुजू झाल्या. मुलींच्या शरीरसंबंधासाठीचं किमान वय वाढवणारा संमतिवयाचा 1891 चा कायदा झाला, त्यामागच्या वादळात या खटल्याचा मोठा वाटा होता. असं नाव मुलीला मिळणं हे कुणाचंही भाग्यच.

पण एक विनंती. हा इतिहास नणंदेच्या तोंडावर फेकू नका. मला माहितीये, वरचा परिच्छेद वाचता वाचता तुम्ही तो तिला पाठवायचं ठरवलंत. त्यानं तुमच्या माहेरची माणसं खूश होतील, तिच्यावर काहीही परिणाम होणार नाही. कारण ती डॉक्टर रखमाबाईंबद्दल बोलतच नाहीये.

ती तिच्या आजीबद्दल बोलतेय. 'कामवालीचं नाव वाटतं' हे तिचं वाक्य पुन्हा वाचा. तिची सख्खी आजी, जिचं हे नाव होतं, ती लोकांची धुणीभांडी करायची. हे नणंदेला माहीत नाही असं नाही. माहीत आहे म्हणूनच तर तिच्या तोंडून तो शब्द निघाला. तुमच्यासाठी रखमा ही एक कथा आहे, आणि ती तुम्ही शेवटाकडून वाचलीय. मुलं शिकली, बँकेत लागली, सून आली, नात झाली. नणंदेला मधली पानंही ठाऊक असतील. शाळेत 'तुझी आजी काय करते?' या प्रश्नाला काय सांगायचं ते तिनं लहानपणी ठरवून ठेवलं असेल. कदाचित नसेलही. पण जे घर एका पिढीत धुण्याभांड्यांवरून बँकेपर्यंत येतं, त्या घराला मागे वळून बघायला सहसा आवडत नाही. लोक त्याला कृतघ्नपणा म्हणतात. मला ती सावधगिरी वाटते. शिडी अजून हलतेय असं वाटत असतं त्यांना.

म्हणून गोदाची आणि रखमाची तुलना होऊ शकत नाही. तुमच्या माहेरी भाचीचं नाव गोदा ठेवलं, कारण त्या घरात तीन पिढ्या पुस्तकं आहेत. गोदाला कुणी गोदाक्का समजून भांडी घासायला सांगणार नाही याची खात्री आहे, म्हणून ते 'किती गोड' वाटतं. साधं, जुनं, मातीतलं नाव शोभून दिसायला पाठीशी भक्कम भिंत लागते. ज्यांची भिंत कालच बांधून झालीय ते मुलीचं नाव मायरा, कियारा, अन्वी ठेवतात, कारण त्या नावांना मागचा वास नाही. त्यांना कोरी पाटी हवी असते. तुम्हाला ती पाटी स्वस्तातली वाटते.

इथे तुमच्याशीही जरा भांडायचंय. नणंद रखमाला 'कामवालीचं' म्हणाली, तुम्ही मायराला 'नवश्रीमंत' म्हणालात. दोघींनी केलंय एकच. नाव ऐकलं आणि ते ठेवणाऱ्यांची जागा ठरवून टाकली. तिनं खाली बघून नाक मुरडलं, तुम्ही बाजूला बघून. तिचं ऐकायला वाईट लागतं, तुमचं सुसंस्कृत घरात खपून जातं, एवढाच फरक. नवश्रीमंत या शब्दात 'नव' हा दोष का असावा, हे मला कधीच कळलेलं नाही. तुमचे सासरे त्यांच्या काळचे नवश्रीमंतच होते की. मायरा तुम्हाला आवडत नसेल तर ठेवू नका, नावडायला कारण लागत नाही. पण नणंदेशी बोलताना त्या नावाची टवाळी केलीत, तर तिला एवढंच ऐकू येईल, की वहिनीला आमची आजी चालते, आम्ही चालत नाही.

आता सासरे. ते उठून का जातात, हे मला तुमच्या पत्रावरून सांगता येणार नाही. भरून येत असेल म्हणून जात असतील. किंवा रखमा म्हटलं की त्यांच्या कानात आईची हाक येत नसेल, आईला मारलेली हाक येत असेल. "ए रखमे, इकडे राहिलंय बघ." सात-आठ वर्षांचा मुलगा आईबरोबर लोकांच्या मागच्या दारात उभा राहिला असेल, तर ते नाव त्यानं शेकडो वेळा तसंच ऐकलं असेल. डॉक्टर रखमाबाईंना लोक बाई म्हणत, तुमच्या आजेसासूबाईंना बहुधा कुणी म्हटलं नसेल. आता साठी ओलांडल्यावर त्याच घरात दिवसातून पन्नास वेळा तीच हाक ऐकणं त्यांना गोड वाटेल की नाही, हे त्यांच्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. तुमचा नवराही नाही. तो नातू आहे, त्याच्या वाट्याला आजीची मांडी आली.

म्हणून माझा सल्ला असा. सासऱ्यांना विचारा, आणि एकट्यानं विचारा. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर नको. शक्यतो तुमच्या नवऱ्यानं विचारावं, पण त्यांचं तुमच्याशी मोकळेपणानं बोलणं होत असेल तर तुम्हीच विचारा. सुनेशी बोलणं कधीकधी सोपं जातं, तिच्यासमोर जुनी भूमिका वठवायची नसते. नाव कसं वाटतं असं विचारू नका, ते 'चांगलं आहे' म्हणतील आणि पेपर उघडतील. आईला लोक कसे हाक मारायचे, असं विचारा. आणि मग गप्प बसा. बोलले तर रात्र पुरणार नाही. नाही बोलले तर दुसऱ्या दिवशी सरळ म्हणा, "बाबा, बाळाचं नाव रखमा ठेवावंसं वाटतं. तुम्हाला ते रोज ऐकायला जड जाणार असेल, तर नाही ठेवणार."

ते हो म्हणाले, तर रखमा ठेवा. नणंद रुसली तरी ठेवा. नाही म्हणाले, तर ठेवू नका, आणि कारण विचारू नका. मूल तुमचं आहे, नाव ठेवायचा हक्कही तुमचाच, हे मला मान्य आहे. ते घरातले वडीलधारे आहेत म्हणून मी त्यांना हा अधिकार देत नाहीये. वडीलधाऱ्यांना विचारून नावं ठेवायची पद्धत मला फारशी आवडतही नाही. पण हे नाव त्यांच्या आईचं आहे आणि त्याची किंमत त्यांनी मोजलीय. आपण ते कौतुकानं उचलतोय, त्यांना ते सोसावं लागणार असेल तर त्या कौतुकाला अर्थ राहत नाही.

तुम्हालाही स्वतःला एक प्रश्न विचारावा लागेल. मुलगी सहा-सात वर्षांची होईल आणि नावाची गोष्ट सांग म्हणेल. तेव्हा 'पणजी खूप धीराची होती' एवढंच सांगणार, की ती लोकांची भांडी घासायची हेही सांगणार? शाळेतल्या मैत्रिणींसमोर मुलगी ते बोलली तर चालेल का? तुमच्या नवऱ्याला चालेल का? भांडी वगळून नुसता धीर सांगायचा असेल, तर रखमा हे तुमच्या दिवाणखान्यातलं जुनं पितळी घंगाळ होईल, शोभेसाठी घासूनपुसून ठेवलेलं. मग त्यापेक्षा मायरा प्रामाणिक.

नणंदेशी काय बोलायचं? फार काही नाही. सासऱ्यांचं उत्तर आल्यावर तिला घरी बोलवा किंवा फोन करा, आणि आधी तिची भीती मान्य करा. नावावरून लोक पारखतात हे खरंय, असं म्हणा, कारण ते खरंच आहे. मग विचारा, आजीची तिला काय आठवण आहे. ती आजीबरोबर राहिली असेल, तुम्ही नाही राहिलात. या नावावर तुमच्यापेक्षा तिचा हक्क जास्त आहे, हे तुमच्या तोंडून ऐकलं तर निम्मं भांडण तिथेच संपेल. उरलेलं निम्मं राहू द्या, नणंद-भावजयीत थोडं असावं. पण ती 'कामवालीचं नाव' पुन्हा म्हणाली, आणि सुनीताताई घरात असताना म्हणाली, तर मात्र तिथल्या तिथे थांबवा. ते वाक्य तुमच्या बाळापेक्षा त्यांना जास्त लागणारं आहे.

शाळेत चिडवण्याची चिंता मी फारशी करणार नाही. आजची सहा वर्षांची मुलं ती नाटकं बघत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं रखमा आणि रेवा सारखीच नवी. ती नावावरून चिडवतातच, पण कुठल्याही नावावरून, यमक जुळलं की झालं. त्रास मोठ्यांचा होईल. पहिल्या दिवशी बाई नाव वाचून क्षणभर थांबतील. कुणी 'अय्या, किती जुनं!' म्हणेल आणि त्यात कौतुक किती, टोमणा किती, ते कळणार नाही. त्या वेळी तुमचा चेहरा कसा असेल, ते मुलगी बघत असेल. तुम्ही सारवासारव केलीत तर तीही करायला शिकेल. 'पणजीचं नाव आहे' एवढं म्हणून पुढे चालू लागलात, तर विषय तिथेच मिटतो.

राहिला ताजा कलम. कागदावर रुक्मिणी आणि घरात रखमा हे करू नका. सुंदर नाव आहे रुक्मिणी, ते स्वतःच्या बळावर ठेवायचं तर खुशाल ठेवा. पण रखमा झाकायला ते वापरलंत, तर चारचौघांत दाखवायचं नाव एक आणि मागच्या दारचं दुसरं, असंच होईल. नणंदेचं म्हणणं तुम्ही तिच्यापेक्षा पक्कं करून ठेवाल. एकच अपवाद, सासरेच म्हणाले की रोज हाक मारायला मला रुक्मिणी बरं वाटेल, तर तोडगा म्हणून नाही, त्यांची इच्छा म्हणून तसं करा.

आणि घाई नाही. जन्माची नोंद बाळाच्या नावाशिवायही होते. ती झाली असेल, तर नाव पहिल्या वर्षभरात शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतरही नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. एवढं थांबू नका, पण 'लवकर सांगा, दाखला अडलाय' या रेट्याखाली ठरवूही नका. महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम लागतो. म्हणजे रखमाच्या शेजारी तुमचंच नाव येणार आहे. नाव ठरलं की तो अख्खा क्रम एकदा मोठ्यानं म्हणून बघा. इंग्रजी स्पेलिंगही घरात आधी एकमतानं ठरवून मगच अर्ज भरा, आणि अंकशास्त्रवाला जास्तीची अक्षरं सुचवायला लागला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. डॉक्टर रखमाबाईंचं स्पेलिंगसुद्धा इंग्रजी कागदांत एकसारखं लिहिलेलं नाही. पण त्यांना आधार कार्ड काढायचं नव्हतं, तुमच्या लेकीला काढायचंय.